दिवाळीनंतरचा डबा

सकाळी खेड्यांकडच्या गाड्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर लागल्या, की कॉलेजची पोरं-पोरी ड्रायव्हरच्या केबिनपाशी गर्दी करतात. फडक्यात बांधलेले स्टीलचे डबे हातोहात उतरतात. कुणाच्या झाकणावर ऑइलपेंटनं नाव, कुणाच्या गाठीला चिठ्ठी. बीड जिल्ह्यात शिकवताना मी हे वर्षानुवर्षं पाहत आले. दिवाळी सरली की यातले काही डबे येईनासे होतात. आईबाप उचल घेऊन ऊसतोडीला गेलेले असतात आणि घराला कुलूप असतं.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी अशीच डिसेंबरात दिसेनाशी झाली. हुशार होती. प्रवर्गामुळे फी माफ होती. पण डबा बंद झाला, मेसला पैसे नव्हते, खोलीचं भाडं थकलं. ती उसाच्या फडाजवळ आईबापांच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत, निघून गेली. कॉलेजच्या दप्तरी मात्र तिचा प्रवेश शाबूत होता.

2024-25 पासून राज्यानं व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आर्थिक दुर्बल आणि मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींची फी माफ केली. हे मोठंच पाऊल आहे. पण फी वर्षातून एकदा भरावी लागते आणि भूक रोज दोनदा लागते. शिष्यवृत्तीचा हप्ता उशिरा जमा होतो, घरमालक मात्र एक तारखेलाच दार वाजवतो. गरिबाचं शिक्षण सुटतं ते या मधल्या दिवसांत.

प्रत्यक्ष बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीतही हे घडलं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली, म्हणून 1917 साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, मित्र नवल भथेना यांनी कर्जाऊ पैसे दिले, तेव्हा 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. एवढ्या असामान्य बुद्धीच्या माणसाचंही शिक्षण पैशांवाचून अडलं होतं. मग सामान्य कुवतीच्या पोरांकडून केवळ जिद्दीची अपेक्षा धरणं हा अन्याय आहे.

आपल्या आधीच्या पिढ्यांना हे नेमकं कळलं होतं. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं. तिथल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते 1947 साली. आधी ताट-वाटी आणि छप्पर, मग पदवी, असा तो क्रम होता. आपण कॉलेजं गावोगाव नेली, पण वसतिगृहातल्या खाटा त्या मानानं वाढवल्या नाहीत.

आणि खाटेइतकंच मोल असतं विचारपूस करणाऱ्या माणसाचं. घरातली पहिलीच शिकणारी पिढी असली, की विषय राहिला तर पुढं काय, अर्जातली त्रुटी कुठं दुरुस्त करायची, हे सांगणारं कुणी नसतं. एक विषय राहिला की पोराला वाटतं, सगळंच संपलं.

त्या मुलीला आम्ही निरोप धाडला. चार-पाच शिक्षकांनी मिळून मेसचे पैसे भरले. ती परतली, राहिलेले दोन विषय पुढच्या सत्रात सोडवले आणि पदवीधर झाली. खर्च फारसा आलाच नव्हता. फक्त तिची गैरहजेरी वेळेवर कुणाच्या तरी लक्षात यायला हवी होती.

तेव्हापासून दिवाळीच्या सुट्टीआधी मी एकेकाला बाजूला घेऊन विचारते, "यंदा घराला कुलूप लागणार का रे?" ज्यांची मान हलते, त्यांची नावं लिहून ठेवते आणि त्यांच्या जेवणाची सोय दिवाळीआधीच लावते.