आधी एरर वाच

बस खाली. फोन बाजूला ठेव आणि माझं बोलणं संपेपर्यंत मध्ये बोलू नकोस.

पायथनमध्ये लूप आले, जड वाटायला लागलं, तेव्हा तू जावास्क्रिप्टकडे वळलास. तिथे अडलास तेव्हा कुणी फ्लटर सुचवलं, लगेच फ्लटर. अरे, लूप कुठल्याही भाषेत लूपच असतो. जे पायथनमध्ये कळलं नाही ते दुसरीकडे कसं कळेल? हार्वर्डचा सीएस५० फुकट आहे, एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. तू ती दीडपट वेगाने बघतोस आणि कीबोर्डला हात लावत नाहीस. असं काहीही येणार नाही.

आता काल आणलेला दूधबिलाचा प्रोग्रॅम. एआयकडून लिहून घेतलास, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यातली एक ओळ तुला समजावता आली नाही, ही तक्रार आहे. रक्कम फ्लोटमध्ये ठेवली आहेस. पायथनला ०.१ अधिक ०.२ विचारून बघ. उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं, कारण संगणक आकडे द्विमान पद्धतीत साठवतो आणि त्या पद्धतीत ०.१ नेमका मावत नाही. म्हणून रकमेचे पैसे करून पूर्णांकात साठवायचे. उद्या एखाद्या काकूंच्या बिलात फरक पडला, तर त्या तुला विचारतील, एआयला नाही.

त्याहून गंभीर म्हणजे तुझ्या कंपनीसाठी फ्रीलान्सरकडून करून घेतलेल्या अ‍ॅपमध्ये गिऱ्हाइकांचे पासवर्ड टेबलात जसेच्या तसे पडलेत. पासवर्ड हॅश करूनच ठेवायचा असतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. सुरक्षेची वाजवी काळजी न घेणाऱ्याला त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि काम बाहेरून करून घेतलं तरी जबाबदारी कंपनीचीच राहते. म्हणजे तुझी.

आणि अ‍ॅपचा कोड आहे कुठे? फ्रीलान्सरच्या गिटहब खात्यात. करारपत्र? नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कंत्राटावर लिहून घेतलेल्या कोडचा पहिला मालक तो लिहिणारा. हक्क लेखी करून घ्यावे लागतात, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर ते पाचच वर्षांचे धरतात. ज्याला तू ‘माझं प्रॉडक्ट’ म्हणतोस ते कागदावर तुझं नाही.

इन्स्टाग्रामच्या केव्हिन सिस्ट्रॉमचा दाखला मला देतोस. मार्केटिंगमधला माणूस होता म्हणतोस. मग पुढचंही सांग. नोकरी करून तो रात्री कोड शिकत होता. बर्बन या अ‍ॅपचा पहिला नमुना त्याने स्वतः लिहिला. मग माइक क्रिगरसारखा जाणकार जोडीदार मिळाला आणि २०१० मध्ये त्यातूनच इन्स्टाग्राम आलं. त्या रात्री तुला नको आहेत.

पट्टीचा प्रोग्रॅमर हो, असं मी म्हणत नाही. पण समोरचा तुझ्यासाठी काय बनवतो आहे, हे वाचता यायलाच हवं. पहाटे गोठ्यांवर जाऊन तू शेतकऱ्यांशी बोलतोस, त्यांची देणी कुठे अडकतात हे तुला तोंडपाठ आहे. एवढी समज असलेला मुलगा स्वतःच्याच कामात आंधळा राहतो, म्हणून माझा जीव तुटतो. त्या लोकांनी तुझ्यावर भरवसा ठेवलाय.

तेव्हा आजपासून एकच भाषा, पायथन. रोज सकाळी एक तास, फोन खोलीबाहेर. एरर आली की खिडकी बंद करायची नाही. पायथनची एरर शेवटच्या ओळीपासून वाचायची. काय चुकलं ते तिथेच लिहिलेलं असतं. स्वतः झटून झाल्यावरच एआयला विचारायचं, आणि तेही उत्तर नव्हे, कारण.

फ्रीलान्सरशी लेखी करार याच आठवड्यात कर. आणि उद्या दूधबिल स्वतःच्या हाताने लिहून आण. वीस ओळींचं असलं तरी चालेल. प्रत्येक ओळ तू मला समजावून सांगायचीस. ते जमेपर्यंत माझ्यासमोर गुंतवणूकदारांचा विषय काढायचा नाही. ऊठ, कामाला लाग.