पाच सत्रं की आठ?

बीए-बीएस्सी म्हणजे तीन वर्षं, हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलं आहे की चौथं वर्ष लागलं की पोरानं वर्ष वाया घालवलं, असंच घरीदारी म्हटलं जातं. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर 2024 मध्ये या समजुतीला हात घातला. तीन वर्षांची पदवी कोणी पाच सत्रांत उरकावी, कोणी आठ सत्रांपर्यंत लांबवावी. अभ्यास तेवढाच, पदवीचं मोलही तेच. गाजावाजा झाला तो लवकर संपवणाऱ्यांचा. नाशिक जिल्ह्यात मात्र सवड हवी असणाऱ्यांचा प्रश्न मोठा आहे, असं मला वाटतं.

साधा हिशेब मांडू. पदवीला किमान 120 क्रेडिट आणि एका क्रेडिटला वर्गातले 15 तास. सत्र 15 आठवड्यांचं धरलं, तर सहा सत्रांत आठवड्याला 20 तास वर्गात बसावं लागतं, पाचांत 24, आठांत 15. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणी झाली की डिपिंग, विरळणी, फवारणी एकामागून एक अंगावर येतात, आणि हिवाळी परीक्षाही त्याच सुमारास. काढणी जोरात असते तेव्हा दुसरं सत्र ऐन भरात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्ट करून शिकणाऱ्याची ओढाताण वेगळी, पण कमी नाही. अशा मुलाला एटीकेटी लागली की ती त्याच्या बुद्धीच्या खात्यावर मांडतात. कमी पडलेले असतात आठवड्यातले ते चार-पाच तास!

नाशिकला हे नवं नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून इथेच आहे आणि नोकरदारांना, गृहिणींना सवडीने शिकवत आलं आहे. पण सवड हवी तर कॉलेज, तिथली प्रयोगशाळा आणि रोजचे मास्तर सोडायचे, हा सौदा कशासाठी? आठ सत्रांची सोय कॉलेजातच नीट राबवली, तर तो करावा लागणार नाही.

लांबलेलं शिक्षण सुटतं, विशेषतः मुलींचं, कारण मध्ये स्थळं येतात, हा आक्षेप खरा आहे. पण ठरल्या वेगातही मुली गळतातच आणि आजवर त्या रिकाम्या हाताने गळाल्या. आता पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका मिळू शकते आणि जमा क्रेडिट सात वर्षं टिकतात. परतीची वाट असली की काय होतं, याचा मोठा दाखला डॉ. आंबेडकरांचा. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून यावं लागलं. चार वर्षांत परतायची मुभा मात्र त्यांनी मिळवून ठेवली होती. 1920 मध्ये ते पुन्हा गेले. स्वतःची बचत होती, शाहू महाराजांची मदत होती. 1921 मध्ये एमएस्सी, 1923 मध्ये डीएस्सी. आज त्याच शाहू महाराजांच्या नावाच्या राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीत अट आहे, की शिक्षणात दोन किंवा अधिक वर्षांचा खंड नसावा. आंबेडकरांचा खंड तीन वर्षांचा होता.

गरिबाला पाच सत्रंच परवडतात, एक फी वाचते, असंही म्हणतात. ज्याचा वेळ मोकळा आहे त्याने जरूर वाचवावी. मजुरीला जाणाऱ्याने आठवड्याचे 24 तास आणायचे कुठून?

वेग ठरवायचा पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या अखेरीस. तेव्हा मुलगा कॉलेजच्या खिडकीवर विचारणार, सातव्या-आठव्या सत्राला शिष्यवृत्ती आणि वसतिगृह मिळेल ना? क्लार्कला त्याचं उत्तर शासन निर्णयात सापडायला हवं.