शिंगराची अदब आणि आपली अमानत

कुरआनच्या शंभराव्या सूरहमध्ये, अल्-आदियातमध्ये, अल्लाहने धापा टाकत धावणाऱ्या, टापांनी ठिणग्या उडवणाऱ्या घोड्यांची शपथ घेतली आहे. त्या शपथेनंतर लगेच सांगितले आहे की माणूस आपल्या पालनकर्त्याशी कृतघ्न आहे. भाष्यकारांनी या दोहोंतील संबंध असा उलगडला आहे: मालक घोड्याला चारा-पाणी देतो, आणि तेही अल्लाहनेच निर्माण केलेले, तरी घोडा त्याच्या इशाऱ्यावर रणात झेप घेतो. माणसाला तर सर्व काही मिळाले, तरी तो आपल्या रबकडे पाठ फिरवतो.

ही तुलना ऐकताना आपली नजर माणसाकडे जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु घोड्याच्या बाजूनेही एक प्रश्न उरतो. हा आज्ञाधारकपणा त्याच्यात आला कोठून? शिंगरू जन्मतःच लगाम मानत नाही. कोणीतरी ते त्याला शिकवलेले असते. एका जिवंत प्राण्याची इच्छा आपल्या इच्छेकडे वळवण्याचा हा अधिकार माणसाला कोणी दिला? आणि त्या अधिकाराची सीमा कोणती?

ताबा आहे, मालकी नाही

इस्लामचे उत्तर स्पष्ट आहे. जनावरे माणसाच्या अधीन केली गेली आहेत. माणसाने ती स्वतःच्या बळावर अधीन केलेली नाहीत. वाहनावर बसताना जी दुआ आपण वाचतो (कुरआन, ४३:१३-१४), तिचा आशयच हा आहे की ज्याने हे वाहन आमच्या ताब्यात दिले तो पवित्र आहे, आम्ही स्वतः त्याला काबूत आणू शकलो नसतो, आणि शेवटी आम्हाला त्याच्याकडेच परतायचे आहे. आज ही दुआ आपण मोटारीत आणि विमानात बसताना म्हणतो. घोड्याजवळ उभे राहिले की तिचा अर्थ अधिक नीट कळतो. पूर्ण वाढलेला घोडा चारशे किलोंहून अधिक वजनाचा असतो. दोराच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला माणूस त्याला ताकदीने रोखू शकत नाही. घोडा थांबतो, कारण थांबावे असे तो शिकला आहे.

दुआच्या शेवटी परतण्याची आठवण आहे, आणि तीत हिशेबाची आठवणही आली. जे ताब्यात दिले आहे त्याबद्दल विचारले जाणार आहे. सुनन अबू दाऊदमध्ये एका अन्सारी तरुणाच्या उंटाची घटना आहे. प्रेषित मुहम्मद (स.) त्याच्या बागेत गेले तेव्हा उंट त्यांना पाहून कण्हू लागला, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. प्रेषितांनी (स.) त्याच्या कानामागून हात फिरवला, तेव्हा तो शांत झाला. मग त्यांनी मालकाला बोलावून विचारले की ज्या मुक्या जनावराचा ताबा अल्लाहने तुला दिला त्याच्याबाबतीत तुला अल्लाहचे भय वाटत नाही काय. तू त्याला उपाशी ठेवतोस आणि थकवतोस अशी त्याची तक्रार आहे. त्या तरुणाची मालकी कोणी नाकारली नाही, पण त्याच्या डोक्यावर जबाबदारीचे ओझे मात्र ठेवले गेले.

न शिकवणे ही दया नव्हे

यावर कोणी म्हणेल, मग शिंगराला मोकळेच सोडावे. त्याच्या मर्जीविरुद्ध काही करूच नये. हा विचार दयाळू वाटतो, पण तो शिंगराच्या हिताचा नाही. जन्मावेळी चाळीस-पन्नास किलोंचे असलेले शिंगरू खेळताना अंगावर रेलते, बाही चावते, वळून दुगाण्या झाडते. घरातली मुले हसतात. तीन वर्षांनंतर तेच शरीर, तीच सवय माणसाची हाडे मोडू शकते. मग असा घोडा ‘खट्याळ’ ठरतो, हातोहात विकला जातो, आणि प्रत्येक नवा मालक त्याला आधीपेक्षा जोरात मारतो. ज्याने लहानपणी त्याला अदब शिकवली नाही, त्याच्या लाडाची किंमत ते जनावर आयुष्यभर फेडते.

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दरवर्षी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. अशा बाजारांत रंग, उंची, चाल आणि अंगावरचे भोवरे यांची भरपूर चर्चा होते. भोवऱ्याच्या शुभ-अशुभावर मोमिनाने विसंबू नये. नालबंदाच्या हाती हा घोडा निमूट पाय देतो का, अनोळखी माणूस जवळ आला तर स्थिर उभा राहतो का, हे पाहावे. हे गुण जन्माने येत नाहीत. ते कोणाच्या तरी सबुरीचे फळ असतात.

प्रेषितांच्या (स.) एका हदीसमध्ये बहुतेक खेळ-करमणूक व्यर्थ म्हटली आहे आणि मोजक्या गोष्टी त्यातून वगळल्या आहेत. त्यांतली एक म्हणजे माणसाने आपल्या घोड्याला शिकवणे. तेथे आलेला शब्द आहे ‘तादीब’, म्हणजे अदब देणे. मुलाच्या संस्कारासाठी अरबी भाषा जो शब्द वापरते, तोच घोड्यासाठी वापरला गेला आहे.

दोर ओढण्यात नव्हे, सैल सोडण्यात

ही अदब घोड्यावर स्वार होण्याच्या कितीतरी आधी, जमिनीवर उभे राहून शिकवली जाते. घोड्याच्या पाठीचा कणा पक्का व्हायला पाच वर्षांहूनही अधिक काळ लागतो. म्हणून पाठीवर ओझे टाकण्याची घाई हाच एक जुलूम आहे. पहिली काही वर्षे साध्या धड्यांची असतात: दोरामागे चालणे, सांगितल्यावर थांबणे, एक पाऊल मागे सरणे, बांधल्यावर शांत राहणे, पाय उचलू देणे.

यातला पहिला धडा माणसालाच चकवतो. दोर ओढला की शिंगरू पुढे येत नाही, ते मागे रेटते. आपण अधिक ओढले तर ते अधिक रेटते. जाणता माणूस दोराला हलका ताण देतो आणि तो तसाच ठेवून वाट पाहतो. शिंगराने अर्धे पाऊल जरी पुढे टाकले तरी त्याच क्षणी तो दोर सैल करतो. शिंगरू शिकते ते या सैल होण्यातून. ‘मी ऐकले, आणि त्रास थांबला’ एवढेच त्याला कळते, आणि तेवढे पुरे असते. याच्या उलट, ते मागे रेटत असताना आपण कंटाळून दोर सोडला, तर रेटणे हाच धडा ते गिरवते. आणि ऐकल्यानंतरही जो ताण तसाच ठेवतो, त्याच्या शिंगराला ऐकण्यात काही अर्थच उरत नाही.

पाय उचलण्याचा धडा याहून नाजूक. घोडा हा शिकार होणारा प्राणी. पळणे हेच त्याचे संरक्षण. त्याचा पाय मागणे म्हणजे त्याचे पळून जाण्याचे साधन मागणे होय. म्हणून हात आधी खांद्यावर ठेवायचा, हळूहळू खाली न्यायचा, पाय क्षणभर धरायचा आणि त्याने झटका देण्यापूर्वीच अलगद खाली ठेवायचा. त्याच्या नेमके मागे त्याला दिसत नाही, म्हणून तेथून मुकाट्याने जायचे नाही. आणि रिकामी बादली दाखवून त्याला बोलवायचे नाही. ‘ये, तुला काही देते’ असे मुलाला म्हणणाऱ्या एका मातेला प्रेषितांनी (स.) विचारले होते की खरेच काही देणार होतीस का, दिले नसतेस तर ते खोटे म्हणून लिहिले गेले असते. मुक्या जिवाशी केलेला वायदाही वायदाच असतो.

दोन प्रकारची शांतता

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चाबकानेही घोडा शांत होतो, आणि लवकर होतो. परिणाम तोच असेल तर मार्गाने काय बिघडते?

परिणाम तोच नसतो. भ्यायलेला घोडाही निश्चल उभा राहतो, पण त्याचे अंग ताठलेले असते, श्वास अडकलेला असतो, डोळा थिजलेला असतो. अदब शिकलेल्या घोड्याची मान सैल असते, कान फिरत असतात. तो आपल्याकडे पाहतो. दुरून दोघे सारखेच दिसतात. फरक कळतो तो संकटाच्या दिवशी. भीतीने शांत असलेल्या घोड्याला चाबकाहून मोठी भीती भेटली की तो उधळतो. विश्वासाने शांत असलेला आधी आपल्या माणसाकडे पाहतो.

सहीह मुस्लिममधील प्रसिद्ध हदीस याच संदर्भातली आहे. हजरत आयशा (रजि.) एका अडेल उंटावर बसल्या होत्या आणि त्याला पुढेमागे हिसके देत होत्या. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना नरमीने वागण्यास सांगितले आणि समजावले की नरमी ज्या गोष्टीत असते तिला शोभा आणते, आणि ज्यातून काढून घेतली जाते तिला विद्रूप करते. नरमीची ही शिकवण एका हट्टी जनावरावरून दिली गेली, हे आपण सहसा विसरतो. जनावराच्या तोंडावर मारण्यासही प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे.

मराठीत घोडा तयार करणाऱ्याला जुना शब्द आहे ‘चाबुकस्वार’. आडनाव म्हणून तो आजही आढळतो. शब्दात चाबूक आहे म्हणून ते सारे निर्दय होते असे मुळीच नाही. अरबीने मात्र त्याच कामाला ‘रियाजत’ म्हटले. शिंगराला वळण लावणे हा या शब्दाचा मूळ अर्थ. गवयाचा ‘रियाज’ त्याच धातूतून आला. इमाम गझाली यांनी ‘इह्या’मध्ये नफ्सला वळण लावण्याच्या प्रकरणाला हाच शब्द दिला. शिंगरू शिकवणाऱ्याच्या हाती म्हणून एकाच वेळी दोन दोर असतात. संतापाच्या भरात बसलेला फटका शिंगराला काही शिकवत नाही. तो केवळ मारणाऱ्याच्या नफ्सची भूक भागवतो. ज्याला स्वतःचा राग थोपवता येत नाही, त्याने त्या दिवशी दोर हाती घेऊ नये.

आपल्यापैकी थोड्यांच्याच दारी आज घोडा असेल. पण ताबा प्रत्येकाकडे आहे: मुलांवर, विद्यार्थ्यांवर, हाताखालच्या माणसांवर. माणूस घोडा नव्हे. त्याला बुद्धी आणि स्वतःचा हिशेब आहे, म्हणून त्याचा हक्क कितीतरी मोठा आहे. जी नरमी अडेल उंटालाही नाकारली गेली नाही, ती आपण घरच्यांना नाकारत असू, तर प्रश्न गंभीर आहे. आपण आत शिरताच घरात शांतता पसरत असेल, तर ती कोणत्या प्रकारची आहे, हे ज्याने त्याने पाहावे. आणि आपले ऐकणाऱ्यासाठी आपण दोर कधी सैल केला होता, हेही आठवावे.

अल्लाह आपल्याला सोपवलेल्या प्रत्येक जिवाची अमानत नरमीने सांभाळण्याची तौफिक देवो. आमीन.