बेरीज करण्याआधी

कागदावर आठ प्रश्न आहेत. टोरांटोच्या भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चुंग आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेली ही ‘स्टॉप-बँग’ प्रश्नावली. झोपेत श्वास अडकणारा रुग्ण शस्त्रक्रियेआधीच ओळखता यावा, हा मूळ हेतू. प्रत्येक ‘हो’ला एक गुण, तीनला धोका मध्यम, पाचपासून पुढे जास्त.

मी पुरुष, पन्नाशी ओलांडलेला, रक्तदाबाची गोळी रोज घेणारा. म्हणजे तोंड उघडण्याआधीच तीन गुण झाले. तिथे लबाडीला जागा नाही. उरलेल्या पाचांत मात्र माझं मन कशी घासाघीस करतं, ते मी पाहतोय.

बीएमआय ३५च्या वर? नाही. हे ‘नाही’ मी फार खुशीत लिहिलं. आपल्याकडे २५पासूनच लठ्ठपणा धरतात, हे त्या क्षणी सोयीस्करपणे आठवलं नाही. मान ४० सेंटिमीटरहून जाड? टेप थोडी आवळून धरली की नाही.

दिवसा थकवा, पेंग? बोरिवलीहून चर्चगेटला जाताना बसायला मिळालं की अंधेरीच्या आत माझा डोळा लागतो. अख्खा डबा पेंगत असतो, मग माझंच काय वेगळं? हा युक्तिवाद मला प्रिय आहे. पण रविवारी दुपारी भरपूर झोपूनही संध्याकाळी मान कलंडते, तेव्हा लोकलचा दोष कसा काढणार? आणि वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर गाडी माझ्या हातात असते, मागे घरची माणसं असतात. त्या वेळच्या जांभयांचा हिशेब मी कधी मांडलेला नाही.

झोपेत श्वास थांबल्याचं कुणी पाहिलंय का, हा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण त्याचं उत्तर माझ्याकडे नाहीच. ते बायकोकडे आहे. “अहो, मध्येच तुमचा श्वास बंद होतो, मला हलवावं लागतं,” असं ती सांगत आलीय, आणि मी ते घोरण्याच्या थट्टेत ढकलत आलोय. गादीला पाठ टेकली की झोप, ही माझी फुशारकी. तीच लक्षण निघाली तर? उपचार म्हणून रोज मास्क लावून झोपण्यापेक्षा मला याचीच भीती जास्त वाटते.

पळवाटाही अभ्यासू आहेत माझ्या. लक्षणं नसलेल्या प्रौढांची सरसकट चाळणी करावी की नाही, हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही, असं अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने २०२२ साली म्हटलं. ते मला तोंडपाठ आहे. ‘लक्षणं नसलेल्या’ हे शब्द मात्र मी भरभर वाचतो. ही प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे, निदान रात्रभराच्या झोपेच्या तपासणीनेच होतं, हेही खरंच. पण ती तपासणी तरी मी कुठे करून घेतोय? इथल्याच माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेल्या पुरुषांचा डॉ. झरीर उदवाडिया यांनी केलेला अभ्यास २००४ साली आला. त्यात १९.५ टक्क्यांत झोपेतल्या श्वसनाचा बिघाड आढळला. दिवसाच्या पेंगेसकट पाहिलं तर ७.५ टक्के. स्वतःला ठणठणीत समजणारेच होते ते, माझ्यासारखे.

पाहिलेल्याचा रकाना बायकोला भरायला दिला. तिने विचार न करता ‘हो’वर खूण केली आणि घोरण्याचाही रकाना स्वतःच भरून टाकला. थकव्याचं ‘हो’ मी लिहिलं. सहा. झोपेच्या तपासणीची तारीख मिळेपर्यंत हायवेवर गाडी मुलगी चालवेल, एवढं तूर्त ठरलंय.