प्रबंध स्वतःचा कशाने होतो?

इंग्रजी विषयात एम.ए. करणारा विद्यार्थी आपला प्रबंध बांधून सादर करतो, तेव्हा पहिल्या प्रकरणाआधी त्यात दोन पाने असतात. एक प्रतिज्ञापत्राचे. हे लेखन माझे स्वतःचे आहे आणि यापूर्वी कोणत्याही पदवीसाठी सादर झालेले नाही, असे त्यावर सहीनिशी लिहिलेले असते. दुसरे ऋणनिर्देशाचे. मार्गदर्शक, ग्रंथपाल, घरची माणसे यांच्यावाचून हे काम पुरे झाले नसते, अशी त्यावर कबुली असते. पहिले पान मालकी सांगते, दुसरे देणे मान्य करते. दोन्ही एकाच वेळी खरी असतील, तर 'स्वतःचे' या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न उभा राहतो.

हा प्रश्न आता पीएच.डी.पुरता राहिलेला नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून महाराष्ट्रातील विद्यापीठांत एम.ए.च्या पहिल्या वर्षाला संशोधनपद्धती आणि दुसऱ्या वर्षाला संशोधन प्रकल्प आला. कोल्हापूरच्या उत्तरेला, पंचगंगेकाठी वसलेल्या कसबा बावड्यातून शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात येणाऱ्या विद्यार्थ्यालाही हा 'स्वतःचे' या शब्दाचा प्रश्न सोडवावा लागतो.

भारतीय परंपरेत ज्ञानाचा विचार ऋणापासून सुरू होतो. तैत्तिरीय संहितेनुसार ब्राह्मण तीन ऋणे घेऊन जन्मतो. देवांचे ऋण यज्ञाने, पितरांचे संततीने आणि ऋषींचे ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाने, फिटते. शतपथ ब्राह्मणात यांत माणसांच्या ऋणाची भर पडते आणि ऋणाईत म्हणून केवळ ब्राह्मण न राहता जन्माला येणारा प्रत्येकजण धरला जातो. ऋषिऋणाचे वैशिष्ट्य असे की ते धनकोला परत करता येत नाही. पूर्वसूरींकडून मिळालेले पुढच्याला दिले, तरच ते फिटते.

मात्र हे ऋण घेण्याचा अधिकार शतकानुशतके मोजक्यांच्याच हाती होता. अध्ययनाचे दार बंद असलेल्याला ऋषिऋण असणार कोठून? ज्या राजाने हे दार उघडण्याचा ध्यास घेतला, त्या राजर्षी शाहू महाराजांचा जन्म कसबा बावड्यातील लक्ष्मीविलास पॅलेसमध्ये २६ जून १८७४ रोजी झाला. वेदोक्ताच्या, म्हणजे वेदमंत्रांनी धार्मिक विधी करवून घेण्याच्या अधिकाराच्या, वादाला त्यांना स्वतःला सामोरे जावे लागले. १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली, १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. म्हणून शेतकऱ्याच्या किंवा कारखाना-कामगाराच्या घरातील मुलगी आज इंग्रजी कादंबरीवर प्रबंध लिहिते, तेव्हा तिच्या ऋणनिर्देशात शतपथ ब्राह्मणातले चौथे ऋण नाव न घेताही आलेले असते.

ऋण नाकारणे म्हणजे चोरी. पतंजलींच्या यमांत अस्तेय आहे आणि जैनांच्या अणुव्रतांत अचौर्य. शब्द आणि विचार यांची चोरी हा काव्यशास्त्राचाही जुना विषय आहे. इ.स. ९०० च्या सुमाराचा राजशेखर 'काव्यमीमांसे'त शब्दहरण आणि अर्थहरण यांचे प्रकार सविस्तर वेगळे करतो. त्याच्या आधी, नवव्या शतकात, आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्योतात दोन रचनांतील सारखेपणाचे तीन प्रकार सांगितले. काही सारखेपण आरशातल्या प्रतिबिंबासारखे असते, त्याला स्वतःचे अस्तित्व नसते. काही चित्रासारखे असते, रंगरेषा निराळ्या पण जीव नाही. तिसरे दोन सजीव देहांमधल्या साम्यासारखे असते. चेहरे मिळतेजुळते असले, तरी प्रत्येकात स्वतंत्र प्राण असतो. पहिले दोन टाळावेत आणि तिसऱ्याला दोष देऊ नये, असा त्याचा निर्णय आहे.

आजचा नियम मोजमापाचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार अवतरणे, संदर्भसूची आणि सलग १४ शब्दांपर्यंतचे सारखेपण वगळून मोजणी होते. दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही. चाळीस टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यावी लागते. साठपर्यंत वर्षभर सादर करता येत नाही आणि त्यापुढे नोंदणी रद्द होते. हा नियम आवश्यक आहे, पण तो शब्द पकडतो. प्रत्येक वाक्य बदलून लिहिलेला आणि आतून पूर्ण उसना असलेला प्रबंध या चाळणीतून सहज पार होतो. आनंदवर्धनाच्या भाषेत ते चित्र आहे. त्यात प्राण आहे की नाही, हे कोणतेही यंत्र सांगत नाही. ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते आणि म्हणूनच प्रतिज्ञापत्रावर त्याची सही घेतली जाते.

हा प्राण येतो कोठून, याचे एक उत्तर कोल्हापूरच्याच विद्यापरंपरेत सापडते. राजाराम कॉलेजात अनेक वर्षे अर्धमागधी शिकवणारे डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी कुंदकुंदाचार्यांच्या 'प्रवचनसारा'ची संपादित आवृत्ती १९३५ मध्ये विस्तृत इंग्रजी प्रस्तावनेसह प्रसिद्ध केली. हस्तलिखिते ताडून पाठ ठरवणाऱ्या संपादकाला कोणता पाठ कोणत्या पोथीतला, हे नोंदवावेच लागते. ऋणाची नोंद हाच तेथे विद्वत्तेचा पाया असतो. ज्या जैन दर्शनाचा त्यांनी अभ्यास केला, त्याचा अनेकांतवाद सांगतो की वस्तूला अनंत धर्म, म्हणजे गुणधर्म, असतात आणि पाहणारा आपल्या जागेवरून त्यांतले काहीच पाहतो. त्याचे विधान खरे असते, पण त्या नयापुरते, म्हणजे त्या दृष्टिकोनापुरते. म्हणून विधानामागे 'स्यात्', म्हणजे 'एका दृष्टीने', हवे.

साहित्याच्या अभ्यासाला हे नेमके लागू पडते. जॉर्ज एलियटची 'द मिल ऑन द फ्लॉस' ही १८६० ची कादंबरी नदीच्या पुरात संपते. हा शेवट अचानक येतो, असा आक्षेप समीक्षेत जुना आहे. कसबा बावड्याजवळ पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे. पावसाळ्यात त्याची पातळी सारे कोल्हापूर फुटाफुटाने पाहत असते. ३९ फुटांवर इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. ज्याने २०१९ आणि २०२१ चे महापूर अनुभवले आहेत, त्याला पूर अचानक वाटत नाही. तो गावाच्या स्मृतीत आधीच असतो. असा वाचक कादंबरीत मागे जातो, तेव्हा जुन्या पुरांच्या आठवणी आणि नावाड्याची दंतकथा त्याला सुरुवातीच्या भागातच भेटते. लंडनमधल्या समीक्षकाची आणि त्याची जागा वेगळी आहे, आणि त्या जागेवरून कादंबरीचा एक वेगळा धर्म दिसतो.

पण जागा म्हणजे प्रमाण नव्हे. आमच्याकडे पूर येतो एवढ्याने एलियटच्या कादंबरीविषयी काहीच सिद्ध होत नाही. न्यायशास्त्राच्या परिभाषेत मांडायचे तर संहितेचे वाचन हे प्रत्यक्ष, तिच्यातून काढलेला निष्कर्ष हे अनुमान आणि आधीच्या समीक्षकांचे म्हणणे हा शब्द. अनुभव प्रश्न सुचवतो, उत्तर या प्रमाणांनीच द्यावे लागते. आक्षेप घेणाऱ्यांचा पूर्वपक्षही त्यांच्या पूर्ण ताकदीनिशी मांडावा लागतो. तो दुबळा करून खोडला, तर सिद्धांतही दुबळाच राहतो. प्रबंधातील पूर्वसाहित्याचा आढावा हेच काम करतो.

यातून 'स्वतःचे' या शब्दाच्या तीन अटी निघतात. घेतलेले प्रत्येक ऋण नावानिशी सांगितलेले असावे. प्रश्न लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या जागेवरून पडलेला असावा. आणि उत्तराची जबाबदारी त्याला घेता यावी. कोणाचेच काही न घेता लिहिणे ही अट यांत नाही, कारण तसे लेखन अस्तित्वातच नसते. मराठीतले मोठे स्वतंत्र तत्त्वचिंतनही भाष्याच्या रूपात आले आहे. गीतेच्या सातशे श्लोकांवर ज्ञानेश्वरांनी सुमारे नऊ हजार ओव्या रचल्या. व्यासांच्या मागून जाताना आपण भाष्यकारांना वाट विचारली, हे ते सांगतात आणि साऱ्याचे श्रेय निवृत्तिनाथांना देतात. तरीही 'ज्ञानेश्वरी' ज्ञानेश्वरांचीच आहे. परक्या भाषेतील साहित्यावर परक्या भाषेत लिहिणाऱ्या विद्यार्थ्यालाही हाच न्याय लागू होतो. भाषा आणि विषय उसने असू शकतात. प्रश्न आणि उत्तराची जबाबदारी मात्र उसनी घेता येत नाही.

तिसऱ्या अटीची कसोटी तोंडी परीक्षेत लागते. मार्गदर्शक शेजारी असले, तरी उत्तर विद्यार्थ्यालाच द्यायचे असते. हे विधान कशावरून, याच्या उलट पुरावा मिळाला तर काय, असे परीक्षक विचारतात. ज्याने वाक्ये उसनी घेतली, त्याला हे प्रश्न परके वाटतात. ज्याने त्या प्रश्नांशी महिनोन्महिने झुंज घेतली, त्याला ते ओळखीचे असतात. आपले विधान कोठवर खरे आणि कोठून पुढे नाही, हे सांगता येणे, म्हणजेच 'स्यात्' योग्य जागी ठेवता येणे, ही या परीक्षेतली खरी तयारी होय.

त्यानंतर प्रबंध पुरा झाला असे म्हणतात. गुरुगृहीचे अध्ययन संपल्यावर होणाऱ्या समावर्तन संस्काराच्या वेळी शिष्याला काय सांगावे, हे तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत आले आहे. खरे बोलण्याबरोबरच, स्वतः शिकत राहण्यात आणि दुसऱ्याला शिकवण्यात कुचराई न करण्याचा उपदेश तेथे आहे. अध्ययन संपते त्याच क्षणी शिकवण्याचे कर्तव्य सुरू होते, कारण ऋषिऋण पुढे देऊनच फिटते. बांधलेली प्रत ग्रंथालयात जमा होते, तेव्हा ती पुढच्या विद्यार्थ्यासाठी उपलब्ध होते. त्याच्या संदर्भसूचीत तिचे नाव येते आणि ऋणनिर्देश करणारा स्वतः कोणाच्या तरी ऋणाचा विषय होतो. प्रतिज्ञापत्र आणि ऋणनिर्देश या दोन पानांतला विरोध तेथे संपतो.