वैद्य की नट?

नाक-कान-घशाचा निष्णात शस्त्रवैद्य चाळिशी उलटल्यावर रुग्णांना सोडून तोंडाला रंग लावतो, हे कर्तव्याला पाठ दाखवणे नव्हे काय? डॉ. श्रीराम लागूंनी १९६९ साली नेमके हेच केले. नाट्यशाळेची पायरी ते चढले नव्हते. पुण्यात वैद्यकी शिकताना केलेली हौशी नाटके हीच त्यांची तालीम. पुढे रंगमंचावर ‘नटसम्राट’ (१९७०), पडद्यावर ‘पिंजरा’ (१९७२).

डॉक्टर पुष्कळ, बेलवलकर एकच, हे समर्थन मला लंगडे वाटते. बेलवलकर पुढे इतरांनीही उभे केले, आणि झकास केले! लोकलाजेस्तव शस्त्र धरून बसणे मात्र मला अधिक सदोष वाटते. प्रश्न रुग्णाच्या बाजूने विचारून पाहा. ज्याचे चित्त तिसऱ्या घंटेकडे लागले आहे, त्याच्या हाती, वाचकहो, तुम्ही आपला घसा द्याल?