दोरा कशाला हवा?

थिसियस आणि मिनोटॉरची गोष्ट लहान मुलांना सांगायची म्हटली की मोठी माणसे आधी कात्री शोधतात. अथेन्सहून क्रीटला धाडलेले सात मुलगे आणि सात मुली, लॅबिरिंथ नावाच्या वळणावळणांच्या वास्तूत त्यांना खाणारा बैलाच्या डोक्याचा माणूस, आणि परतीच्या वाटेसाठी दोरा देऊन जीव वाचवणाऱ्या राजकन्या अरियाडनीला वाटेतल्या बेटावर झोपेत सोडून निघून जाणारा नायक. नॅथॅनियल हॉथॉर्नने १८५३ च्या ‘टँगलवुड टेल्स’मध्ये तिला गलबतावर चढूच दिले नाही, वडिलांना एकटे कसे टाकू, म्हणत ती मागे राहते. थिसियस निष्कलंक उरतो, गोष्ट मात्र लंगडी होते. ही कात्री मुलांसाठी चालली असे आपण म्हणतो, पण तिने वाचतो तो नायक.

हस्तकलेचेही तसेच. पुठ्ठ्याचे शिरस्त्राण, चमकीच्या कागदाची तलवार: दुपार छान जाते, पण हाताला गोष्टीतले काहीच कळत नाही.

म्हणून आठ वर्षांच्या भाचीबरोबर मी लॅबिरिंथ काढायला बसले. मधे अधिकचे चिन्ह, चार कोनांत चार काटकोन, त्यांच्या आत चार ठिपके. मग एक टोक शेजारच्या टोकाला कमानीने जोडत जायचे. ठिपक्यांच्या रांगोळीची सवय असलेल्या हाताला हे पटकन जमते. सात वेढ्यांची ही आकृती क्रीटमधल्या क्नॉससच्या नाण्यांवर आहे. त्याहून जुनी, इ.स.पू. १२०० च्या सुमाराची, ग्रीसमधल्या पायलोसच्या एका मातीच्या पाटीवर आहे. पाटीच्या एका बाजूला शेळ्यांचा हिशेब, दुसऱ्या बाजूला हा चौकोनी लॅबिरिंथ. राजवाडा जळाला, त्या आगीत कच्ची माती भाजून निघाली म्हणून ती टिकली. आपल्याकडे गोव्यात कुशावतीकाठी, उसगाळीमळच्या जांभ्या दगडावरही अशीच वळणे कोरलेली आहेत. साम्यावरून नाते ठरत नाही, पण भाचीला तो फोटो दाखवल्यावाचून मला राहवले नाही.

तिने वाटेवरून बोट फिरवले. एकदा, दोनदा. मग म्हणाली, “मावशी, इथे चुकायला जागाच नाही. एकच वाट आहे. मग दोरा कशाला हवा?”

खरेच. या आकृतीत एकही फाटा नाही. चकवणाऱ्या फाट्यांचे भूलभुलैये कागदावर आले ते कित्येक शतकांनंतर. मी ही गोष्ट इतक्यांदा वाचली, पण हा प्रश्न मला पडला नव्हता, कारण माझे बोट त्या वाटेने कधी गेले नव्हते. मी उत्तर शोधत असताना तीच म्हणाली, “आत अंधार असेल ना. त्याला कुठे माहीत, एकच वाट आहे ते!”

वरून पाहणाऱ्याला जे दिसते ते आत चालणाऱ्याला दिसत नाही, हे तिला मी शिकवलेले नाही. मुलांच्या हाती गोष्टीचा सांगाडा द्यावा, सजावट नव्हे, असे मी म्हणते ते यासाठी.

पुढचेही सारे सांगितले. सुखरूप असल्याची खूण म्हणून पांढरे शीड चढवायला विसरलेला थिसियस, लांबून काळे शीड पाहून मुलगा गेला असे समजून समुद्रात उडी घेणारा त्याचा बाप एजियस. आणि नॅक्सोसच्या किनाऱ्यावर जागी झालेली अरियाडनी. भाची बराच वेळ गप्प होती. अरियाडनीला घ्यायला पुढे डायोनायसस देव येतो, हे सांगायला मी तोंड उघडले आणि थांबले. भाचीने वर्तमानपत्राचे एक पान ओढले, दुमडून होडी केली आणि बेटाच्या कडेला लावून ठेवली. थिसियसच्या गलबतापासून लांब.